श्वासाकडे दहा मिनिटं

भाईंदरहून उत्तनमार्गे गोराईकडे जाताना ग्लोबल विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसू लागतो. २००९ साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. आत एकही खांब नाही, आणि त्या दगडी छताखाली आठ हजार माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात.

ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात येऊन विपश्यना ही ध्यानाची विद्या शिकवू लागले. त्यांचं मूळ शिबिर दहा दिवसांचं, मौनाचं. नोकरी आणि घरातली आजारपणं सांभाळणाऱ्याला ते लगेच जमेलच असं नाही. पण त्यातला पहिला धडा, आनापान म्हणजे श्वास पाहणं, घरीही करता येतो.

मी पहाटे बसते, सोसायटीची पाण्याची मोटर सुरू व्हायच्या आधी. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर, पाठ ताठ, डोळे मिटून. नाकपुड्यांशी आत-बाहेर होणारा श्वास नुसता पाहायचा. लांब तर लांब, आखूड तर आखूड. मोजणं नाही, जप नाही. मन चर्चगेट लोकलकडे धावतं, डब्याच्या भाजीकडे धावतं. ते लक्षात आलं की न रागावता श्वासाकडे परतायचं. हे परतणं हीच खरी साधना, असं मला ठामपणे वाटतं. मन कोरं होण्याची वाट पाहणारे लवकर कंटाळतात.

माझं रक्तदाबाचं औषध चालूच आहे. पण सुनेशी बोलताना आवाज चढतोय हे आता वेळेत कळतं, आणि हा फरक मोलाचा आहे. मानसिक आजारावर उपचार सुरू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी उद्या सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी दहा मिनिटं बसून पाहावं.