खत : एक शब्द, दोन कुळे

‘खत’ हा दोन अक्षरांचा शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यात नित्य येतो. शेतात घालावयाचे ते खत, आणि जमीन गहाण ठेवताना लिहून द्यावयाचे तेही खतच. उच्चार एक, लेखनही एक. परंतु हे दोन शब्द निरनिराळ्या कुळांतील आहेत. पहिल्याने जमीन सुधारते. दुसरे न वाचता लिहून दिले, तर जमीन हातची जाऊ शकते. म्हणून दोहोंची ओळख प्रत्येक शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

पहिल्या खताचे नाते संस्कृतातील ‘खात’ या शब्दाशी जोडले जाते. ‘खात’ म्हणजे खणलेली जागा, खड्डा. गोठ्यातील शेण व केरकचरा ज्या खड्ड्यात टाकावयाचा, त्याचेच नाव पुढे आतील वस्तूस मिळाले असे दिसते. या नावात एक धडाही आहे. शेणाचा ढीग उघड्यावर पडून राहिला, तर त्यातील नत्राचा काही भाग हवेत उडून जातो आणि पावसाच्या पाण्याबरोबर विद्राव्य अन्नद्रव्ये वाहून जातात. खड्ड्यात थर देऊन, ओल राखून कुजविलेले खत अधिक कसदार होते. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंदूर पद्धतीचे वर्णन आहे. तीत काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर देऊन, तीन वेळा उलथापालथ करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

दुसरे खत अरबीतील ‘खत्त’ या शब्दापासून आले. त्याचा मूळ अर्थ रेघ. रेघेवरून लिपी, लिपीवरून हस्ताक्षर, आणि त्यावरून लिहिलेला कागद, असा अर्थ विस्तारत गेला. तुर्कीत हा शब्द ‘हात’ असा उच्चारला जातो व त्याचा अर्थ रेघ असाच राहिला आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत तो ‘हाती’ झाला व दस्तऐवजास लागू पडला. हिंदी-उर्दूत खत म्हणजे पत्र. मराठीत तो फारसीच्या द्वारे आला आणि खरेदीखत, गहाणखत, साठेखत या शब्दांत स्थिरावला. ‘दस्तखत’ या शब्दातही तोच आहे. ‘दस्त’ म्हणजे हात. यास्तव हिंदीभाषक शेतकऱ्याशी बोलताना कार्यकर्त्याने ‘खाद’ म्हणावे व गुजराती शेतकऱ्याशी ‘खातर’; नाहीतर ‘खत आले’ हे ऐकून ऐकणारा टपालाची वाट पाहील!

या दुसऱ्या खताने दख्खनचा इतिहास घडविला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जखते हिसकावून जाळली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. त्यांचा रोख मुख्यतः कागदावर होता, कारण आपली जमीन त्या कागदात अडकली आहे हे ते जाणून होते. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यान्वये शेतकऱ्याने द्यावयाची खते ग्रामनिबंधकासमोर लिहिली जावीत अशी तजवीज करण्यात आली. कागदात काय लिहिले आहे हे अंगठा उठविणाऱ्यास कळावे, हा त्यातील हेतू.

तो हेतू आजही तितकाच महत्त्वाचा आहे. सही अथवा अंगठा देण्यापूर्वी कागद स्वतः वाचावा अथवा विश्वासातील माणसाकडून संपूर्ण वाचवून घ्यावा. तो गहाणखत आहे की खरेदीखत, हे प्रथम पाहावे. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, रक्कम व मुदत ताडून घ्यावी. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये. केवळ साठेखताने जमिनीची मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागते. व्यवहारानंतर सातबारावरील नोंद पाहण्यास विसरू नये.

कार्यकर्ते बंधुभगिनींनी खताच्या खड्ड्याची माहिती देण्यासाठी सभा भरविली, म्हणजे शेवटची पाच मिनिटे या दुसऱ्या खतासाठी अवश्य राखून ठेवावी. शेतातील खत चांगले कुजवून घालावे आणि कागदावरील खत चांगले वाचून द्यावे, एवढे दोन नियम पाळले, तर जमीन कसदारही राहील आणि आपलीही राहील.