कासवांची वेळ, पाहुण्यांची सोय

 

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आता मात्र वेळास म्हटलं की आधी कासवंच आठवतात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी इथे आले होते. पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि गरुडांबरोबर कासवं राखायचं कामही अंगावर आलं.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत दीडेक फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. वाळूवर तिचा माग मात्र राहतो. त्या मागावरून आलेल्या माणसाला किंवा कोल्ह्याला सगळी अंडी एकदम सापडतात. वन्यजीव कायद्यात या कासवाला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे, पण पहाटेच्या किनाऱ्यावर तो कायदा राबवायला कोण असणार? तिथे असतो तो गावचाच माणूस. म्हणून संस्थेनं गावातल्या तरुणांना सोबत घेतलं. तेच पुढे कासवमित्र झाले.

त्यांचं काम नाजूक आहे. अंडी हलवायची तर घातल्यापासून काही तासांतच. पुढे आतला गर्भ कवचाच्या अस्तराला चिकटतो, आणि मग अंडं उलटंपालटं झालं तर तो दगावतो. जाळीच्या कुंपणात मूळ घरट्याइतकाच खोल, माठासारखा पोटाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद खड्डा करून अंडी त्यात ठेवतात. पुढचे पन्नासेक दिवस अंडी उबवायचं काम वाळूचं. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात, गार राहिली तर नर. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ ती उचलायची आणि आलेली पिल्लं पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडायची, म्हणजे ती आपल्या पायांनी समुद्रात जातात.

२००६ पासून हे पाहायला कासव महोत्सव भरू लागला. गावानं त्यासाठी हॉटेलं बांधली नाहीत, स्वतःची घरं उघडली. पाहुणे पडवीत झोपतात, घरचं जेवतात, संध्याकाळी कासवांविषयीची माहिती ऐकतात, चित्रफिती पाहतात. गावातली पोरंही तेच ऐकत मोठी होतात. राहण्या-जेवणाचा पैसा त्या त्या घरात जातो. त्यामुळे आता अंड्यांवर हात टाकणारा शेजाऱ्याच्या मिळकतीवर हात टाकतो. वनरक्षकाची नजर एक वेळ चुकवता येईल, शेजारणीची चुकवणं कठीण.

अडचण एकच आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुण्या-मुंबईचे लोक शनिवार-रविवार गाठून येतात, पिल्लू काही वार पाहून बाहेर येत नाही. मग पाहुण्यांसाठी पिल्लं थोडी थांबवून ठेवावीत, असा मोह कुठल्याही गावाला होऊ शकतो. तो घातक आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगात बलकाची थोडी शिदोरी असते. पहिला दिवसभर त्या जोरावर अखंड पोहत ते किनाऱ्याजवळच्या शिकाऱ्यांपासून दूर जातं. टबात ठेवलेलं पिल्लू तीच ताकद टबाच्या भिंतींशी झगडण्यात घालवतं. रोजगारासाठी कासव राखायचं तर वेळापत्रक कासवाचंच असायला हवं. ते पाहुण्यांच्या हाती गेलं, तर त्याला संवर्धन म्हणता येणार नाही.

या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या माद्या कुठवर जातात, याचाही शोध सुरू झाला आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला. तिचं नाव ठेवलं प्रथमा.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळासला किंवा जवळच्या आंजर्ल्याला जायचा बेत असेल, तर दोन रात्री मुक्काम करा. पिल्लांच्या वाटेभोवती दोरी लावलेली असेल तर तिच्या आत जाऊ नका, पिल्लू हातात मागू नका, फ्लॅश बंद ठेवा. आणि टोपलीखाली काहीच निघालं नाही, तरी यजमानांना ठरलेले पैसे आनंदानं द्या.