बिदरच्या दरबारातला व्यापारी आणि एक कोरा कागद

आज जीएसटी नाही, इन्स्टाग्राम नाही. आज एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगतो.

इराणमधल्या गिलानचा महमूद गावान 1453 च्या सुमारास दाभोळ बंदरात उतरला. हो, आपलंच रत्नागिरीतलं दाभोळ. वय चाळिशी ओलांडलेलं. तिकडच्या दरबारी राजकारणाला कंटाळून घर सोडलेलं, पोटापाण्याला व्यापार. तिथून तो बहमनी राजधानी बिदरला गेला आणि तेरा-चौदा वर्षांत त्याच राज्याचा वकील झाला. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे बरं का, पंतप्रधानच म्हणा.

कसं जमलं? लढाया त्याने मारल्याच, 1472 मध्ये गोवासुद्धा घेतला. पण मला त्याचं दुसरं कौशल्य जास्त भावतं. 1461 ला सुलतान हुमायून वारला, गादीवर आठ वर्षांचं पोर आलं. कारभार तिघांकडे: ख्वाजा जहान तुर्क, गावान आणि राजमाता मखदूमा-ए-जहान. राजमाता पडद्याआड. दरबारात तिला खुर्ची नाही, पण शेवटचा शब्द तिचा. निरोप एका विश्वासू बाईमार्फत आत-बाहेर जायचे. गावानने हे बरोबर ओळखलं आणि तिचा विश्वास कधी गमावला नाही. आपण मात्र गल्ल्यावर बसलेल्या शेठलाच पटवत बसतो, आणि ऑर्डर ठरवत असतात घरातल्या वहिनी!

पुढच्याच वर्षी माळव्याचा महमूद खिलजी चालून आला, बिदर शहर त्याच्या हातात गेलं. एकट्याच्या फौजेने भागेना. मग गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्याकडे मदत मागितली. गुजरातची फौज येतेय म्हटल्यावर खिलजीने काढता पाय घेतला. गावान पत्रं लिहिण्यात उस्तादच होता. गिलानपासून थेट तुर्की सुलतानापर्यंत त्याचा पत्रव्यवहार. त्या पत्रांचा संग्रह ‘रियाज-उल-इन्शा’ आजही उपलब्ध आहे.

आता अवघड भाग. बिदरच्या दरबारात दोन गट होते. इथे आधीपासून रुजलेले दख्खनी आणि समुद्रापलीकडून आलेले आफाकी. गावान स्वतः आफाकी, तरी पदं त्याने दोन्ही गटांना वाटली. तिथपर्यंत ठीक. पण नंतर त्याने चार प्रांतांचे आठ केले आणि प्रांताच्या सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीचे थेट सुलतानाच्या ताब्यात. राज्याच्या दृष्टीने अगदी योग्य. पण ज्यांचा इलाखा निम्मा झाला ते गप्प कशाला बसतील? दख्खनी सरदारांचा म्होरक्या मलिक हसन तर नाहीच.

इतिहासकार फिरिश्ता सांगतो, त्यांनी गावानचा शिक्का सांभाळणाऱ्याशी दोस्ती केली. एका रात्री त्याला दारू पाजली, घडी घातलेला कागद पुढे केला. त्याने न वाचता शिक्का मारला. वर मजकूर लिहिला गेला ओरिसाच्या राजाला: चढाई करा, मी तुमच्या बाजूने आहे.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. दुकानाच्या सुरुवातीला मी सही केलेले कोरे चेक ड्रॉवरमध्ये ठेवून गावी जायचो. एकदा त्यातला एक वटला. रक्कम छोटी होती म्हणून वाचलो. आता चेकबुक माझ्या बॅगेत असतं, बायको हसते तरी.

गावानला बोलावणं आलं तेव्हा हितचिंतक म्हणाले, गुजरातला निघून जा. तो गेला नाही. सुलतानाने कागद दाखवला. गावान म्हणाला, शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. पण सुलतान प्यायलेला, चौकशी कोण करतंय? 5 एप्रिल 1481 ला सत्तरीतल्या त्या म्हाताऱ्याचं डोकं उडवलं. ज्या राजमातेच्या शब्दाने कदाचित काही फरक पडला असता, ती तेव्हा हयात नव्हती. वर्षभरात पश्चात्तापाने खंगून सुलतानही गेला. राज्याचे तुकडे पडले. त्यातलं अहमदनगर स्थापन केलं मलिक हसनच्याच मुलाने.

गावानच्या मृत्यूनंतर सुलतानाने त्याचा खजिना मागवला. खजिनदाराने दोन हिशेब दाखवले: एक फौजेचा, एक गरिबांचा. घरखर्चाचं विचारलं, तर तो शेवटपर्यंत त्याच्या जुन्या व्यापारी भांडवलाच्या नफ्यातून चालला होता.