लाइट बिल कुणाच्या खिशातून?

भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, ब्रोकरचं कमिशनही ठरतं. मग पहिलं बिल दारात येऊन पडतं आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात...

कोथरूडमधला टू बीएचके, आम्ही तिघी, आणि पहिल्या तारखेला ट्रकमधून उतरवलेल्या अकरा बॅगा. फ्लॅट झक्कास होता, बाल्कनीतून टेकडी दिसायची. मालक काकांनी पहिल्या दिवशी पेढेसुद्धा दिले. तिसऱ्या आठवड्यात लाइट बिल आलं. रक्कम रुपये ६,८४०!

आमच्याकडे एसी नव्हता. तिघीही दिवसभर ऑफिसात. मग बिल नीट वाचलं. ‘थकबाकी’ नावाच्या रकान्यात मोठा आकडा होता. आधीच्या भाडेकरूंनी शेवटचं बिल न भरताच गाशा गुंडाळला होता. काकांना फोन केला, तर ते शांतपणे म्हणाले, “आता तुम्ही राहता ना? मग बिलही तुमचंच.”

अ‍ॅग्रीमेंट काढून बघितलं. त्यात एकच ओळ होती, ‘वीजबिल लायसन्सी भरेल.’ कधीपासूनचं, कुठल्या रीडिंगपासूनचं, काही नाही. शेवटी प्रत्येकीने २,२८० रुपये काढले. महिनाअखेरीला हे पैसे किती दुखतात, ते नव्या नोकरीत असलेल्या कुणालाही विचारा! पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की आपली बाजू खरी असूनही दाखवायला हातात काहीच नव्हतं.

मीटरला भाडेकरू कळत नाही

वीज कंपनीचा हिशोब माणसाशी नसतो, ग्राहक क्रमांकाशी असतो. मीटर मालकाच्या नावावर असतं. आत कोण राहतं, कधी आलं, कधी गेलं, याच्याशी बिलाला देणंघेणं नाही. शिवाय बिलाचा महिना आणि भाड्याचा महिना क्वचितच जुळतो. तुम्ही पहिल्या तारखेला राहायला येता, पण रीडिंग झालेलं असतं मागच्या महिन्याच्या मध्यावर कधीतरी. म्हणजे पहिल्या बिलात दुसऱ्या कुणाचे तरी पंखे फिरलेले असतात.

यावर उपाय अगदी फुकटचा. किल्ली हातात आली की त्याच दिवशी मीटरचा फोटो काढा आणि मालकांना व्हॉट्सअ‍ॅप करा. घर सोडताना पुन्हा तेच. दोन फोटोंच्या मधलं सगळं तुमचं, बाकीचं तुमचं नाही.

आणखी एक गंमत. कधीकधी बिलासोबत ‘अतिरिक्त सुरक्षा ठेव’ अशी वेगळी मागणी येते. ती खर्च झालेल्या विजेची किंमत नसते. ती ग्राहकाच्या नावावर जमा राहणारी ठेव असते. ग्राहक मालक, म्हणून ठेवही मालकाची. घाईत दोन्ही रकमा भरून मोकळे होऊ नका.

बिल थकलं म्हणून कुणी लगेच वायर कापू शकत नाही. विद्युत अधिनियम २००३च्या कलम ५६ प्रमाणे आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. भांडण सोडवायला एवढे दिवस पुरतात.

मेंटेनन्सचं कोडं

साधं सूत्र असं, की वापराचा खर्च राहणाऱ्याचा आणि मालकीचा खर्च मालकाचा. वीज, गॅस, इंटरनेट आपलं. प्रॉपर्टी टॅक्स, सोसायटीचा सिंकिंग फंड, इमारतीची मोठी दुरुस्ती मालकाची.

कोडं आहे ते मेंटेनन्सचं. वॉचमन, लिफ्ट, जिन्यातले दिवे आपणही वापरतो, पण सोसायटीचा मेंबर असतो मालक आणि पावतीही त्याच्याच नावाने फाटते. त्यामुळे ‘भाडं २२ हजार’ ऐकून खूश होण्याआधी ‘मेंटेनन्स धरून की वेगळा?’ हा प्रश्न ब्रोकरच्या तोंडावर टाकायलाच हवा. शहराबाहेरच्या ज्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जगतात, तिथे टँकरचं काय, हेही विचारा. एप्रिल-मेमध्ये तो आकडा फुगतो आणि मग ‘पाणी तर तुम्हीच वापरता’ सुरू होतं.

फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी ‘नॉन ऑक्युपन्सी चार्जेस’ लावते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१च्या आदेशानुसार ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. आणि हा आकार असतो मेंबरवर, म्हणजे मालकावर.

एसी तुझा, बिल आपलं?

मालकाशी जमलं तरी फ्लॅटमेट उरतातच! एका मित्राच्या घरी तिघांत एकाच्याच खोलीत एसी आहे आणि बिलाचे मात्र सरळ तीन भाग. आता हिशोब बघा. दीड टनाचा एसी पूर्ण जोमात चालला, तर तासाला साधारण दीड युनिट खातो. रात्रीचे आठ तास म्हणजे १२ युनिट, महिन्याचे ३६०. त्यात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. १०० युनिटच्या पुढे एक दर, ३००च्या पुढे आणखी चढा. म्हणजे एकाच्या गारव्यासाठी बाकीचे दोघे घाम गाळणार!

मग करायचं काय? एसीला छोटा सबमीटर बसवा, त्याचे युनिट त्याच्या नावे, उरलेलं बिल समान. मैत्री टिकवण्याचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

कायदा काय म्हणतो?

लाइट बिल कुणी भरायचं, हे ठरतं अ‍ॅग्रीमेंटमध्येच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५ नुसार लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर. तसा करार नसेल, तर वेगळं सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नीट कागद करण्यात मालकाचाही फायदाच आहे, हे त्यांना गोडीत सांगा.

सही करण्याआधी...

● मागचं लाइट बिल भरल्याची पावती बघा. गॅस पाइपचा असेल तर त्याचीही. ते बिल दोन महिन्यांनी येतं.
● पहिल्या दिवसाचं मीटर रीडिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये आकड्यात लिहून घ्या.
● मेंटेनन्स, टँकर, नॉन ऑक्युपन्सी, या तिन्हींपुढे नाव लिहा: मालक की भाडेकरू.
● शेवटचं बिल घर सोडल्यावर येणार. डिपॉझिटमधून किती आणि कशाच्या आधारावर कापणार, ते आधीच ठरवा.
● इंटरनेट आपल्या नावावर घ्या. घर बदललं की नवा पत्ता देता येतो किंवा बंद करता येतं.

गेल्या वर्षी मी नव्या घरात आले. किल्ली घेतल्या घेतल्या जिन्याखाली जाऊन मीटरचा फोटो काढायला लागले, तेव्हा मालकीण काकू हसल्या. मग पदराला चष्मा पुसून म्हणाल्या, “थांब गं, मलाही काढू दे एक.” पहिलं बिल आलं, त्यात अकरा दिवस माझ्या आधीचे होते. मी फोन करायच्या आतच काकूंचे पैसे खात्यात जमा झाले होते.