चेक इंजिनचा दिवा लागला? लॅपटॉप कोड सांगतो, पार्ट नाही

ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये डॅशबोर्डवर अचानक इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी तर नीट चालतेय. मग थेट गॅरेज गाठायचं, की आधी घरीच बघायचं?

घरी बघता येतं. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. अमेरिकेत १९९६च्या मॉडेल्सपासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, भारतात २०१३मध्ये. अ‍ॅडॅप्टर लावा, इग्निशन ऑन करा, लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर गाडीच्या कॉम्प्युटरमधला कोड वाचून दाखवेल.

गोंधळ इथूनच सुरू होतो. समजा कोड आला पी०४२०. याचा अर्थ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर पुरेसा साफ करत नाही असं कॉम्प्युटरला वाटतंय. वाटतंय, एवढंच! कारण ऑक्सिजन सेन्सर बिघडला किंवा एक्झॉस्ट लीक असला, तरी हाच कोड येऊ शकतो. कोड बघून थेट महागडा कन्व्हर्टर बदलला, तर पैसे पाण्यात जाऊ शकतात.

कोड ‘क्लिअर’ करण्याचीही घाई नको. दिवा विझतो, बिघाड तसाच राहतो. वर बिघाडाच्या क्षणी इंजिनचं तापमान, आरपीएम किती होतं ही नोंदही पुसली जाते. मेकॅनिकला नेमकी तीच हवी असते. आधी स्क्रीनशॉट काढा.

दिवा लुकलुकत असेल, तर लॅपटॉप राहू द्या. तेव्हा बहुधा मिसफायर होत असतो आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळू शकतं. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.