विद्यार्थी, खेळाडू की कामगार? : अमेरिकेतील शालेय व महाविद्यालयीन फुटबॉलमधील सुरक्षितता आणि न्याय

प्रास्ताविक

'फुटबॉल' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जो खेळ उभा राहतो, तो प्रस्तुत लेखाचा विषय नाही. त्या खेळास अमेरिकेत 'सॉकर' म्हणतात. तेथील फुटबॉल म्हणजे लांबट, अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाची फळी अंगबळाने भेदत पुढे सरकण्याचा खेळ होय. चेंडू घेऊन धावणाऱ्यास झेप घालून खाली पाडणे, ज्यास 'टॅकल' म्हणतात, हा या खेळातील अपघात नसून त्याचा नियमसंमत गाभा आहे. म्हणूनच येथे दुखापतीचा प्रश्न मैदानाच्या कडेला राहत नाही. तो खेळाच्या व्याख्येतच येऊन बसतो.

दुसरी ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, हा खेळ व्यावसायिक संघांकडून शिक्षणसंस्थांकडे आलेला नाही, तर शिक्षणसंस्थांतून व्यवसायाकडे गेलेला आहे. १८६९ मध्ये रटगर्स व प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेला सामना त्याचा आरंभ मानला जातो. आज व्यावसायिक खेळाचे नियंत्रण करणारी 'नॅशनल फुटबॉल लीग' ही संस्था स्थापन झाली ती १९२० मध्ये. सध्या सुमारे दहा लाख शालेय विद्यार्थी हा खेळ खेळतात. त्यांपैकी शंभरातील साधारणतः सात जण महाविद्यालयीन संघापर्यंत पोहोचतात आणि त्यातून व्यावसायिक संघाकडून निवडले जाणारे शंभरात दोनही नसतात. अर्थात, या खेळाचा शारीरिक भार मुख्यत्वे जे सोसतात त्यांना त्यातून उपजीविका कधीच मिळत नाही.

सुरक्षितता आणि न्याय या दोन प्रश्नांची चर्चा सामान्यतः वेगवेगळी केली जाते. पहिला वैद्यकाचा व दुसरा अर्थकारणाचा, अशी ती वाटणी आहे. प्रस्तुत लेखात हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१९०५ चा हंगाम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खेळात सामूहिक धडकेचे डावपेच रूढ झाले होते. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध योजलेली 'फ्लाइंग वेज' ही रचना त्यांत विशेष कुप्रसिद्ध ठरली. चेंडू बाळगणाऱ्यास मध्ये ठेवून खेळाडूंनी पाचरीच्या आकारात वेगाने प्रतिपक्षाच्या एकाच खेळाडूवर आदळावयाचे, असे तिचे स्वरूप होते. अंगावर संरक्षक साधने जवळजवळ नव्हतीच. १९०५ च्या हंगामात किमान १८ खेळाडू मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. रूझवेल्ट खेळाचे विरोधक नव्हते. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच हंगामात हार्वर्डच्या प्रथम वर्षाच्या संघातून खेळत होता. नोव्हेंबरमध्ये युनियन कॉलेजच्या एका खेळाडूचा न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यातील आघाताने मृत्यू झाला, तेव्हा त्या विद्यापीठाचे कुलपती हेन्री मॅक्रॅकन यांनी महाविद्यालयांची परिषद बोलाविली. कोलंबिया विद्यापीठाने खेळच बंद केला. या मंथनातून १९०६ मध्ये जी संघटना निर्माण झाली, तिलाच १९१० पासून 'नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन', संक्षेपाने 'एनसीएए', हे नाव मिळाले.

१९०६ मध्ये चेंडू हवेतून पुढे फेकण्यास मुभा देण्यात आली, दोन्ही फळ्यांमध्ये मोकळा पट्टा राखण्याचा नियम आला आणि तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड पुढे जाण्याची अट घालण्यात आली. हेतू हा की, खेळाडूंनी एकाच जागी गर्दी करून एकमेकांना चिरडण्याऐवजी मैदानभर पांगावे. तथापि १९०९ मध्ये मृत्यूंची संख्या पुन्हा वाढली आणि १९१० मध्ये धावणाऱ्या सहकाऱ्यास मागून ढकलण्यावर व ओढण्यावर बंदी घालावी लागली. आज प्रेक्षकांना या खेळाचे सर्वांत मनोहर अंग वाटते ते लांब पल्ल्याची चेंडूफेक. तिला नियमांत स्थान मिळाले ते मृत्यू टाळण्याच्या खटपटीतून, ही गोष्ट खेळाच्या चाहत्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

हेल्मेटचा विरोधाभास

महाविद्यालयीन खेळात हेल्मेट सक्तीचे झाले ते १९३९ मध्ये. त्याच सुमारास चामड्याची जागा कठीण प्लॅस्टिकने घेण्यास प्रारंभ झाला आणि १९५० च्या दशकात तोंडावर संरक्षक जाळी आली. यामुळे इजा कमी व्हावयास हव्या होत्या. घडले निराळेच. डोके सुरक्षित आहे या विश्वासाने खेळाडू डोक्याचाच शस्त्रासारखा वापर करू लागले आणि प्रशिक्षकही तसे शिकवू लागले. १९६८ च्या हंगामात खेळातील प्रत्यक्ष आघाताने ३६ मृत्यू झाले. पुढील वर्षी हेल्मेटच्या चाचणीचे मानक ठरविणारी स्वतंत्र समिती स्थापन झाली.

मानेच्या दुखापतीचे कारण समजावून घेण्यासारखे आहे. मान सरळ ताठ असताना तिला मागील बाजूस नैसर्गिक बाक असतो. या बाकामुळे आणि स्नायूंमुळे आघाताची शक्ती विभागली जाते. परंतु मान सुमारे तीस अंश पुढे झुकविली की हा बाक नाहीसा होतो व मणक्यांचा एक सरळ खांब तयार होतो. अशा अवस्थेत माथ्यावर धडक बसल्यास डोके थांबते, मागून येणारे धड थांबत नाही आणि मधला खांब मोडतो. डॉ. जोसेफ टॉर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील नोंदी जमवून ही गोष्ट सिद्ध केली. १९७६ मध्ये माथ्याने धडक देण्यास शालेय व महाविद्यालयीन अशा दोन्ही स्तरांवर बंदी आली. त्या हंगामात मानेच्या इजेमुळे कायमचा चतुरंग पक्षाघात झालेले खेळाडू ३४ होते. १९८४ मध्ये ते ५ वर आले. १९९० मध्ये तर प्रत्यक्ष आघाताने एकही मृत्यू झाला नाही. या सुधारणेसाठी कोणतेही नवे उपकरण लागले नाही, ही बाब उपकरणांवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

अदृश्य इजा

मानेचे मोडणे दिसते, मेंदूचा हादरा दिसत नाही. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी थांबले वा फिरले की तो आतल्या आत हलतो व त्याच्या तंतूंना ताण बसतो. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, परंतु ही आतली हालचाल ते रोखू शकत नाही. पहिला हादरा बरा होण्यापूर्वी दुसरा बसल्यास, विशेषतः किशोरवयात, मेंदूस प्राणघातक सूज येऊ शकते.

२००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट या तेरा वर्षांच्या शालेय खेळाडूच्या बाबतीत जे घडले, त्यातून कायदा निर्माण झाला. सामन्याच्या पूर्वार्धात त्याच्या डोक्यास मार लागला, उत्तरार्धात तो पुन्हा मैदानात उतरला आणि सामना संपताच कोसळला. तो वाचला, परंतु कायमचे अपंगत्व घेऊन. २००९ मध्ये त्याच्या नावाने झालेल्या कायद्यानुसार, हादऱ्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूस तत्काळ बाहेर काढणे बंधनकारक झाले आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय त्यास परत खेळविता येणार नाही असे ठरले. २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत या धर्तीचे कायदे झाले होते.

पुनःपुन्हा बसणाऱ्या आघातांनी होणारा 'सीटीई' हा मेंदूविकार हा त्याहून कठीण प्रश्न आहे. त्याचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करूनच होते. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या डॉ. ॲन मॅकी व सहकाऱ्यांनी माजी फुटबॉलपटूंच्या दान केलेल्या २०२ मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा खेळ महाविद्यालयापर्यंतच राहिला अशा ५३ पैकी ४८ जणांत, आणि केवळ शालेय खेळ खेळलेल्या १४ पैकी ३ जणांत हा विकार आढळला. येथे सावधगिरी आवश्यक आहे. ज्यांच्यात लक्षणे दिसत होती त्यांचेच कुटुंबीय मेंदूदानास पुढे येण्याची शक्यता अधिक. म्हणून या आकड्यांवरून सर्व खेळाडूंतील प्रमाण काढता येत नाही. तथापि व्यावसायिक न झालेल्यांनाही हा विकार होतो, एवढे त्यातून निःसंशय सिद्ध होते.

नियमबदलाचा परिणाम येथेही दिसतो. आयव्ही लीगमधील विद्यापीठांनी २०१६ मध्ये डावाच्या आरंभीची 'किकऑफ' रेषा पस्तीसवरून चाळीस यार्डांवर नेली, जेणेकरून दोन्ही संघ पूर्ण वेगाने समोरासमोर धावण्याचे प्रसंग कमी व्हावेत. अशा दर हजार डावांमागे हादऱ्यांचे प्रमाण सुमारे अकरावरून दोनवर आले. पाच यार्ड म्हणजे साडेचार मीटर. आपल्या वर्गखोलीची रुंदी याहून अधिक असते.

एका शब्दाचा इतिहास

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो : डोके दुखत असूनही खेळाडू तसे सांगत का नाही? धाडस, संघभावना, प्रशिक्षकाचा धाक ही उत्तरे सर्वपरिचित आहेत व ती खोटी नाहीत. परंतु ती अपुरी आहेत.

१९५३ मध्ये कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात डेन्व्हर विद्यापीठाच्या जखमी खेळाडूस कामगार म्हणून भरपाई मंजूर केली. हा विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात टेनिसची मैदाने झाडण्याचे काम करी; ती नोकरी त्याला फुटबॉल खेळण्याच्या अटीवरच मिळाली होती, हे न्यायालयाने मान्य केले. दोनच वर्षांनी त्याच राज्यातील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यातील डोक्याच्या आघाताने मरण पावला. त्याच्या विधवा पत्नीचा भरपाईचा दावा १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने फेटाळला. महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

याच काळात एनसीएएचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांच्या पुढाकाराने 'स्टुडंट-ॲथलीट' म्हणजे 'विद्यार्थी-खेळाडू' ही संज्ञा प्रचारात आणली गेली आणि संस्थेच्या नियमांत व लिखाणात तिचा वापर सक्तीचा झाला. खेळाडूंना कर्मचारी ठरविले जाईल या धास्तीतून ही संज्ञा घडविली गेली, असे बायर्स यांनीच निवृत्तीनंतर १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले आहे. वरवर पाहता शिक्षणाचा गौरव करणारा हा शब्द मुळात नुकसानभरपाईच्या दाव्यांविरुद्ध उभारलेली तटबंदी होता. ती किती भक्कम ठरली हे केंट वॉल्ड्रेप यांच्या प्रकरणात दिसते. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाकडून खेळताना १९७४ मध्ये ते पक्षाघातग्रस्त झाले आणि ते कर्मचारी नव्हते असा अंतिम निकाल २००० मध्ये लागला. मध्ये सव्वीस वर्षे गेली.

शिष्यवृत्तीचे स्वरूपही पाहावे लागेल. १९७३ मध्ये एनसीएएने चार वर्षांच्या हमीची क्रीडाशिष्यवृत्ती बंद करून दरवर्षी नूतनीकरणाची पद्धत आणली. बहुवर्षीय शिष्यवृत्तीस पुन्हा मुभा मिळाली ती २०१२ मध्ये. मधली जवळजवळ चार दशके जखमी खेळाडूची शिष्यवृत्ती चालू ठेवणे हे बव्हंशी प्रशिक्षकाच्या मर्जीवर होते. ज्याचे शिक्षण मैदानावरील उपस्थितीवर टांगलेले आहे, त्याने आपली डोकेदुखी स्वतःहून सांगावी ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे? आपल्याकडील जिमखाना विभागात काम केलेल्या प्राध्यापकांना, स्पर्धेच्या आदल्या दिवशी गुडघा लपविणारा विद्यार्थी आठवेल. तेथे मात्र त्या लपविण्यामागे संपूर्ण शिक्षणाचा खर्च उभा असतो.

दोन प्रश्न, एक कायदा

२०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी संघटना स्थापण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मागण्यांत क्रीडाजन्य दुखापतींचा वैद्यकीय खर्च ठळकपणे होता. ते कर्मचारी आहेत असा निर्णय राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी दिला. परंतु २०१५ मध्ये मंडळाने या प्रकरणी अधिकारक्षेत्र वापरण्यास नकार दिल्याने तो निष्फळ झाला. पुढे २०२१ मध्ये ॲल्स्टन खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील एनसीएएची मर्यादा एकमताने अवैध ठरविली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून अर्थार्जनाची मुभा मिळाली.

मेरीलँड राज्याचा २०२१ चा कायदा या संदर्भात सर्वांत बोलका आहे. जॉर्डन मॅकनेअर हा मेरीलँड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा खेळाडू मे २०१८ मध्ये सरावातील धावण्याच्या फेऱ्यांत उष्माघाताने कोसळला व जूनमध्ये मरण पावला. श्रमजन्य उष्माघातात आधी शरीर बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करावयाचे, मग रुग्णालयात न्यावयाचे, हा क्रम वैद्यकात सुस्थापित आहे. तसे झाले नाही. विद्यापीठाने जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. त्याच्या नावाच्या कायद्याच्या शीर्षकात 'सुरक्षित व न्याय्य खेळ' असे दोन्ही शब्द आहेत. मेंदूचा हादरा व उष्माघात यांविषयीची बंधने आणि स्वतःच्या नावावर अर्थार्जनाचा हक्क या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या आहेत. ही सांगड कायदेमंडळास घालावीशी वाटली, हे लक्षणीय आहे.

जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. २०२५-२६ साठी प्रत्येक संस्थेची कमाल मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर आहे. मात्र खेळाडू कर्मचारी आहे काय, या प्रश्नाचे उत्तर या तडजोडीने दिलेले नाही. कामगार भरपाईचा हक्क कर्मचारीपदाशी बांधलेला असल्याने, पैसा आला तरी डेनिसनच्या पत्नीसमोरचा पेच कायम आहे. शाळांच्या स्तरावर तर हा पैसा पोहोचतच नाही. दुखापतींची ओळख व प्राथमिक उपचार यांसाठी नेमावयाचा प्रशिक्षित 'ॲथलेटिक ट्रेनर' सुमारे एकतृतीयांश शाळांना उपलब्ध नसल्याचे २०१९ मध्ये दिसून आले होते. लिस्टेट कायदा सर्वत्र लागू आहे. हादऱ्याचा संशय येण्यासाठी बाकाशेजारी कोणी जाणकार उभा असेलच, असे नाही.

एनसीएएने ऑगस्ट २०२४ पासून महाविद्यालयीन खेळ संपल्यावरही क्रीडाजन्य दुखापतींच्या उपचारखर्चासाठी विम्याची सोय केली आहे. त्याची मुदत दोन वर्षांची आहे. सीटीईची लक्षणे बहुधा त्यानंतर कित्येक वर्षांनी, कधी दशकांनी, दिसू लागतात.