तरुण वाचकांसाठी एक प्रसन्न प्रेमकथा

स्थलांतरितांच्या मुलांविषयीच्या कथांत पुष्कळदा दुःखालाच अग्रस्थान मिळते: दोन संस्कृतींमधील ओढाताण, अपमान, एकटेपणा. संध्या मेनन यांची २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ‘व्हेन डिंपल मेट ऋषी’ ही इंग्रजी कादंबरी या वाटेने जात नाही. म्हणूनच ती तरुण वाचकांच्या हाती अवश्य द्यावी.

डिंपल शहा ही भारतीय वंशाची अमेरिकन मुलगी. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण घेण्यासाठी ती सॅन फ्रान्सिस्को येथील उन्हाळी शिबिरात जाते. आईवडिलांनी योजलेला वर, ऋषी पटेल, तिथेच येणार आहे हे तिला ठाऊक नसते. त्याला मात्र ते माहीत असते. पहिल्याच भेटीत तो तिला भावी पत्नी म्हणून संबोधतो आणि ती हातातील थंड कॉफी त्याच्या अंगावर फेकते!

ऋषी परंपरेत रमणारा. चित्रकथा रेखाटण्याची आवड त्याने कर्तव्यापोटी मागे सारलेली. डिंपलला विवाहापेक्षा स्वतःचे कार्य मोलाचे वाटते. लेखिका दोघांपैकी कोणालाही हास्यास्पद ठरवीत नाही. पुढे प्रेम जडते; परंतु त्यासाठी डिंपलच्या महत्त्वाकांक्षेचा बळी दिला जात नाही. परक्या मानल्या गेलेल्या घरातील मुलीलाही कथेत निखळ सुख लाभू शकते, हेच या कादंबरीचे खरे देणे होय.